बसली म्हणजे जमली असं नाही: जुन्या हार्ड डिस्कच्या केबल्स ओळखायच्या कशा

जुन्या हार्ड डिस्कसाठी केबल शोधताना बहुतेक लोक एकच परीक्षा घेतात: बसते का? बसली की झालं, पुढे जे होईल ते डिस्कच्या नशिबावर. गंमत अशी की चपट्या पट्टीच्या केबल्समध्ये नेमकी हीच परीक्षा फसवते. दोन केबल्सची तोंडं अगदी सारखी असतात, दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात आणि आतून मात्र एकीत दुसरीच्या दुप्पट तारा असतात. त्यामुळे तोंड बघून उपयोग नाही, तार बघावी लागते.

हा विषय आता कुणाला लागतो, असं वाटू शकतं. नागपुरात अजून बऱ्याच जणांना लागतो. महालात, इतवारीत लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणाऱ्यांकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली कामं पडून आहेत. फोटो स्टुडिओवाल्यांकडे अल्बम आहेत, सोसायट्यांकडे सभासदांचे हिशेब आहेत, कुणाच्या घरी बाबांच्या हातची कवितांची फाइल आहे. कॉम्प्युटर केव्हाच बंद पडलेला असतो. बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, गेलेला असतो किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात. पण हार्ड डिस्क जिवंत असू शकते. ती काढायची, दुसऱ्या यंत्राला जोडायची आणि वाचून घ्यायची, एवढंच काम. तिथे केबलचा प्रश्न येतो.

थोडं मागे जाऊ, कारण तारा इतक्या का ते त्याशिवाय कळत नाही. १९८० साली सीगेटने एसटी-५०६ नावाची ५ मेगाबाइटची हार्ड डिस्क आणली. तिला दोन पट्ट्या लागायच्या, एक ३४ तारांची आणि एक २० तारांची. डिस्कवर फक्त यंत्रणा असायची. वाचलेल्या स्पंदनांतून अक्षरं काढण्याची अक्कल कॉम्प्युटरमध्ये लावलेल्या वेगळ्या कार्डात असायची. म्हणजे कच्चा माल केबलवरून जायचा आणि पलीकडे शिजायचा. १९८६च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलने कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांसोबत ती अक्कलच डिस्कच्या बुडाला असलेल्या सर्किटवर आणली. त्यावरूनच आयडीई (इंटिग्रेटेड ड्राइव्ह इलेक्ट्रॉनिक्स) हे नाव पडलं. आता केबलवरून तयार डेटा जाणार होता, म्हणून एकच पट्टी पुरली, ४० तारांची. आयबीएमच्या पीसी-एटी या यंत्राच्या नावावरून पुढे त्याला एटीए म्हणू लागले आणि १९९४मध्ये त्याचं अधिकृत प्रमाण ठरलं. दुकानात मात्र आजही आयडीईच म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो.

या ४० तारांचा हिशेब बघण्यासारखा आहे. १६ तारा डेटाच्या, कारण एका दमात १६ बिट जातात. बऱ्याचशा तारा हुकूम देण्याघेण्याच्या. आणि ग्राउंडच्या, म्हणजे विजेला परतीची वाट देणाऱ्या, फक्त ७. डेटाच्या सोळाच्या सोळा तारा एकमेकींना चिकटून बसलेल्या, मध्ये एकही ग्राउंड नाही. सुरुवातीच्या मंद वेगात याचा काही त्रास नव्हता. सेकंदाला १६ मेगाबाइट गेले, मग ३३ गेले, तोवर सगळं निभावलं.

६६वर मात्र अडलं. तारेतली वीज जितक्या झपाट्याने वर-खाली होते तितकी ती शेजारच्या तारेत आपला पडसाद उठवते. शेजारच्या तारेत खरं तर शून्य असतं, पण पडसादामुळे पलीकडे एक वाचला जातो. उपाय सोपा निघाला. प्रत्येक दोन तारांमध्ये एक ग्राउंडची तार घालायची, दोन वावरांमध्ये धुरा असतो तशी. इकडचं पाणी तिकडे जाणार नाही. त्या जादा ४० तारा काहीही वाहून नेत नाहीत, सगळ्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणून तारा ८० झाल्या तरी पिना ४०च राहिल्या, सॉकेट तेच राहिलं, जुनी डिस्क नव्या केबलवर आणि नवी डिस्क जुन्या केबलवर बसत राहिली. हा मागच्यांना सांभाळून घेण्याचा शहाणपणा होता. गोंधळाचं मूळही तेच.

ओळखायची कशी? पट्टीवरून आडवं नख फिरवा. ४० तारांच्या पट्टीत प्रत्येक तार नखाला स्वतंत्र लागते, कट-कट-कट, आणि डोळ्यांनाही मोजता येईल इतकी जाड दिसते. ८० तारांची पट्टी तेवढ्याच रुंदीची असते, पण तारा निम्म्या अंतरावर असतात. नख जवळपास घसरत जातं आणि पट्टी बारीक रेघांची, थोडी मऊ वाटते. एकदा दोन्ही हातात घेऊन पाहिल्या की पुन्हा चुकत नाही. दुसरी खूण रंगांची. ८० तारांच्या केबलवर तीन कनेक्टर तीन रंगांचे असतात: एका टोकाला निळा, मधे करडा, दुसऱ्या टोकाला काळा. ४० तारांच्या केबलवर बहुधा तिन्ही एकाच रंगाचे, सहसा काळे. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. स्वस्त केबल बनवणाऱ्याने हाताला लागेल तो कनेक्टर ठोकल्याची उदाहरणं कमी नाहीत. नख खोटं बोलत नाही.

हे रंग शोभेचे नाहीत. एका पट्टीवर दोन डिस्क लागू शकतात, पहिलीला मास्टर म्हणतात, दुसरीला स्लेव्ह. निळा मदरबोर्डकडे, काळा मास्टर डिस्ककडे, करडा स्लेव्हकडे, असं ठरलेलं आहे. ४० तारांची केबल उलटसुलट कशीही लावली तरी बहुधा फरक पडत नाही, कारण तिचे तिन्ही कनेक्टर आतून सारखे. ८० तारांच्या केबलचे तसे नाहीत. निळ्या कनेक्टरमध्ये ३४ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि मदरबोर्ड चालू होताना तीच पिन तपासतो. ग्राउंड मिळालं तर केबल ८० तारांची आहे हे त्याला कळतं आणि तो वेगाला परवानगी देतो. करड्या कनेक्टरमध्ये २८ क्रमांकाची पिन मुद्दाम सोडलेली असते. कोणती डिस्क मास्टर आणि कोणती स्लेव्ह, हे डिस्कला त्यावरून कळतं, अर्थात डिस्कचा जंपर, म्हणजे मागच्या पिनांवर बसवायची छोटी टोपी, ‘केबल सिलेक्ट’वर असेल तरच. आता निळं टोक डिस्कला आणि काळं मदरबोर्डला लावलं तर? केबल बसेल, डिस्क कदाचित दिसेलही. पण मदरबोर्डला ती खूण सापडणार नाही, आणि केबल सिलेक्टचा सगळा मेळ चुकेल.

एकच डिस्क असेल तर ती टोकाच्या काळ्या कनेक्टरलाच लावायची. मधल्या करड्याला लावून काळं टोक लोंबतं सोडलं तर सिग्नल त्या रिकाम्या टोकापर्यंत जाऊन आदळून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. कॅबिनेटमध्ये जागा कमी आहे म्हणून मधला कनेक्टर वापरणारे बरेच जण आहेत. चालतं कधी-कधी. ज्या दिवशी नाही चालत त्या दिवशी दोष डिस्कवर जातो.

चुकीची केबल लावली तर नेमकं काय होतं? सहसा काही जळत नाही, एवढा दिलासा आधी देऊन ठेवतो. ६६, १०० किंवा १३३च्या वेगाची डिस्क ४० तारांच्या केबलवर लावली की मदरबोर्ड मुकाट्याने ३३वर उतरतो. काही बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे मदरबोर्डवरचे प्रोग्राम, सुरुवातीला काळ्या पडद्यावर ‘८० तारांची केबल लावलेली नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवतात. ती लोक वाचत नाहीत, कारण तोवर विंडोज उघडू लागलेलं असतं. खरी पंचाईत होते ती अर्धवट बिघडलेल्या ८० तारांच्या केबलने. या वेगांमध्ये प्रत्येक खेपेसोबत एक पडताळणीचा आकडा जातो. तो जुळला नाही तर ती खेप पुन्हा पाठवली जाते, त्यामुळे डेटा बिघडत नाही, पण वेळ जातो. विंडोज एक्सपीचा तर नियमच होता, अशा सहा चुका साठल्या की एक-एक पायरी खाली उतरायचं, आणि शेवटी पीआयओ नावाच्या जुन्या पद्धतीवर येऊन थांबायचं. त्या पद्धतीत प्रत्येक शब्द उचलून ठेवायचं काम प्रोसेसरला करावं लागतं. माऊस अडखळतो, गाणं तुटतं, फाइल कॉपी व्हायला दुपार जाते आणि माणूस म्हणतो की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसला.

हे पकडण्याची एक चांगली जागा आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती वाचणारे फुकट प्रोग्राम मिळतात. त्यात १९९ क्रमांकाची नोंद पाहा. काही प्रोग्राम तोच आकडा सी-७ असा लिहितात. ही नोंद पडताळणी चुकलेल्या खेपांची आहे. ती वाढत असेल आणि ५ क्रमांकाची, म्हणजे डिस्कने बाद करून बदललेल्या जागांची नोंद शून्यावर असेल, तर संशय डिस्कवर नाही, केबलवर घ्या. केबल बदलल्यावर १९९चा आकडा मागे येत नाही, तिथेच थांबतो. थांबला म्हणजे रोग सापडला.

मग ४० तारांच्या केबल्स फेकून द्यायच्या का? माझं मत, हो, एखादी ठेवून बाकीच्या द्या. ८० तारांची केबल जुन्या डिस्कवर आणि सीडी ड्राइव्हवरही व्यवस्थित चालते, उलट जास्त स्वच्छ चालते. पण घरात फक्त ४० तारांचीच असेल आणि काम केवळ एकदा डेटा काढून घेण्याचं असेल, तर नवीन शोधत बर्डीभर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरायची गरज नाही. ३३ मेगाबाइटच्या वेगाने ८० जीबीची पूर्ण भरलेली डिस्क कागदावरच्या हिशेबाने पाऊण तासाच्या आत निघते. प्रत्यक्षात दीड-दोन तास धरा. जेवून या.

आता दिशा. पट्टीच्या एका कडेला लाल रेघ असते, ती १ क्रमांकाच्या पिनेची बाजू. बहुतेक साडेतीन इंची डिस्कवर १ क्रमांकाची पिन पॉवरच्या सॉकेटकडे असते, त्यामुळे लाल कड पॉवरच्या वायरकडे, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. कनेक्टरवर मध्यभागी एक उंचवटा असतो आणि सॉकेटला त्याची खाच असते. शिवाय सॉकेटमध्ये २० क्रमांकाची पिन नसतेच आणि केबलवर त्या जागेचं छिद्र बुजवलेलं असतं. एवढी काळजी घेतल्यावर उलटं लागायचं कारण नाही. पण अगदी जुन्या मदरबोर्डवर नुसत्या उघड्या पिनांच्या दोन ओळी असतात, भोवती भिंतच नसते, आणि काही जुन्या केबल्सना ना उंचवटा ना बुजवलेलं छिद्र. तिथे मग मदरबोर्डवर छापलेला बारीक ‘१’ टॉर्च लावून शोधावा लागतो. उलट काही जुन्या बोर्डांवर २० नंबरची पिन हजर असते आणि नवी केबल बसतच नाही. तेव्हा पिन मोडू नका, जुन्या बोर्डाला जुनी केबल द्या. त्यासाठीच ती एखादी ठेवायला सांगितली.

केबल काढताना पट्टीला धरून ओढायचं नाही. या कनेक्टरच्या आत तारांना डाग दिलेला (सोल्डर केलेलं) नसतो. धारदार दुतोंडी पात्यांवर पट्टी दाबून बसवलेली असते; पात्यं आवरण कापून तांब्याला पकडतात. पट्टी ओढली की एखादी तार त्या पकडीतून सैल होते, बाहेरून काही दिसत नाही आणि मग वर सांगितलेला १९९चा आकडा चढू लागतो. दोन्ही बाजूंनी कनेक्टरला धरून, डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, असं हलवत काढायचं.

जंपर हा केबलचा भाग नाही, पण केबलवर येणारं निम्मं खापर खरं तर त्याचं असतं. एका पट्टीवर दोन डिस्क असल्या तर एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. दोघी मास्टर झाल्या की भांडण आणि दोघी गायब. डिस्कच्या लेबलवर जंपरचं चित्र छापलेलं असतं, तेच प्रमाण मानावं. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कांमध्ये एक जास्तीची तऱ्हा आहे: ‘सोबत स्लेव्ह असलेली मास्टर’ वेगळी आणि ‘एकटी’ वेगळी. पट्टीवर एकटीच डिस्क असेल आणि जंपर मास्टरवर असेल, तर ती नसलेल्या जोडीदाराची वाट पाहत बसू शकते. अशा वेळी जंपर काढून टाकला की डिस्क दिसते. ४० तारांच्या केबलवर ‘केबल सिलेक्ट’च्या भरवशावर राहू नये, बहुतेकींत ती सोयच नसते.

खोक्यात आणखी दोन पट्ट्या सापडतात. एक थोडी अरुंद, ३४ पिनांची, आणि टोकाजवळ तिच्यातल्या काही तारा सोडवून पीळ दिलेल्या. ती फ्लॉपीची. पिळाच्या पलीकडे ए ड्राइव्ह, अलीकडे बी. उलटी लावली की फ्लॉपीचा दिवा विझतच नाही, हे तिचं जगजाहीर लक्षण. दुसरी थोडी रुंद, ५० पिनांची, स्कझीची. १९८६च्या मॅक प्लसपासून पुढे बरीच वर्षं मॅक यंत्रांत आणि चांगल्या स्कॅनरला हीच असायची, म्हणून छपाईवाल्यांकडे ती निघते. तिचा संसार वेगळा आहे, प्रत्येक उपकरणाला क्रमांक द्यावा लागतो आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. आयडीईशी तिचं काहीही देणंघेणं नाही. स्कझीची डिस्क निघाली तर साध्या यूएसबी कन्व्हर्टरवर ती चालणार नाही, तिच्यासाठी स्कझी कार्ड असलेलं जुनं यंत्रच शोधा.

लॅपटॉपच्या डिस्कवर जरा थांबतो, कारण नुकसान तिथे होतं. अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ पिना असतात आणि त्या जास्त जवळ-जवळ असतात. मोठ्या डिस्कवर दोन पिनांत २.५४ मिलिमीटर अंतर असतं, इथे २ मिलिमीटर. वेगळी पॉवर वायर नसते. शेवटच्या चार पिनांमधून ५ व्होल्ट आणि ग्राउंड जातं. दुसऱ्या कडेला, १ क्रमांकाच्या पिनेच्या बाजूला, एक रिकामी जागा सोडून आणखी चार पिना असतात, त्या जंपरच्या. म्हणजे समोरून पाहिलं तर दोन ओळींत ४४, मग फट, मग ४. हा कनेक्टर एक घर सरकून बसू शकतो, कारण पुष्कळ कन्व्हर्टरना भिंत नसते.

परवा एक काका असाच कन्व्हर्टर अर्धा लावून घेऊन आले होते. म्हणाले, “बसून तर राहिली ना भाऊ, पण फिरून नाही राहिली.” मी म्हटलं, “काका, आधी वीज काढा.” पिनांकडे कडेने पाहिलं तर रिकामी फट कनेक्टरखाली झाकली गेली होती. म्हणजे सगळं एक घर बाजूला. नशीब की त्यांनी जोर लावला नव्हता आणि एकही पिन वाकली नव्हती. सरळ बसवल्यावर डिस्क फिरली. अशी डिस्क नेहमीच वाचत नाही; ५ व्होल्ट भलत्याच पिनेला गेले तर बुडाचं सर्किट जातं. म्हणून लॅपटॉपची डिस्क जोडताना एकच गोष्ट पाहायची: ती फट उघडी दिसली पाहिजे.

मोठ्या डिस्कच्या पॉवर वायरचंही तेच. चार तारांचा पांढरा कनेक्टर, ज्याला सगळे मोलेक्स म्हणतात. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. त्याचे दोन कोपरे तासलेले असतात, म्हणजे उलटा बसू नये. पण जुनं प्लास्टिक मऊ झालेलं असतं आणि माणसाच्या अंगात जोर असतो. उलटा दाबून बसवला की ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि क्षणात खेळ संपतो. डेटाची पट्टी चुकली तर डिस्क दिसत नाही. पॉवर चुकली तर डिस्क राहत नाही. त्यामुळे सगळी सावधगिरी इथे खर्च करा, पट्टी नंतर दहा वेळा बदलता येते.

आजच्या कॉम्प्युटरवर आयडीईचं सॉकेटच नसतं, म्हणून बहुतेकांना यूएसबी कन्व्हर्टर घ्यावा लागतो. चांगला कन्व्हर्टर एका बाजूला ४० पिनांचा, दुसऱ्या बाजूला ४४ पिनांचा आणि तिसऱ्या बाजूला साटाचा, म्हणजे आयडीईनंतर आलेल्या डिस्कचा, असतो, सोबत १२ आणि ५ व्होल्ट देणारा वेगळा अडॅप्टर येतो. यात पट्टी नसतेच, कन्व्हर्टर थेट डिस्कवर बसतो. म्हणजे ४० की ८० हा इतका वेळ चाललेला प्रश्नच मिटतो. यूएसबी २.० असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ मेगाबाइट मिळतात, तेही पुरेत. डिस्कचा जंपर मास्टरवर ठेवा (वेस्टर्न डिजिटलची असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ‘एकटी’वर), आधी पॉवर द्या, डिस्क फिरू लागल्याचा आवाज ऐका आणि मग यूएसबी लावा. डिस्क दर दोन सेकंदांनी ‘टक’ असा आवाज करून थांबत असेल तर तिथेच वीज काढा. तो आवाज केबलचा नसतो, आतल्या यंत्रणेचा असतो. अशी डिस्क पुन्हा-पुन्हा चालू करून बघणं म्हणजे उरलेला डेटा स्वतःच्या हाताने घासून काढणं. ती सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.

साटाचं थोडक्यात. २००३पासून पट्टी जाऊन बोटाएवढी अरुंद केबल आली, ७ जोडांची: तीन ग्राउंड आणि दोन जोड्या डेटाच्या. ४० तारांचं काम चार तारांवर आलं, कारण आता १६ बिट शेजारी-शेजारी न धावता एकामागून एक धावतात. शेजारीच नाही तर पडसाद कुणाचा? एका केबलवर एकच डिस्क, मास्टर-स्लेव्हची कटकट गेली. पट्टीची मर्यादा १८ इंच होती, इथे एक मीटरपर्यंत चालतं. लाल, पिवळी, काळी, निळी, साटा केबलच्या रंगाला काही अर्थ नाही. ‘ही ३ गिगाबिटवाली, ही ६ गिगाबिटवाली’ म्हणून दुकानदार जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. नीट बनवलेली जुनी साटा केबल ६वरही चालते. स्टीलची छोटी पट्टी असलेली, लागताना ‘कट’ वाजणारी केबल मात्र जरूर घ्या, कारण साटाची केबल हलक्या धक्क्यानेही सुटते. आणि मोलेक्सवरून साटा पॉवर करणारा तुकडा घेताना तारा एका प्लास्टिकच्या गोळ्यात ओतून बंद केलेला घेऊ नका. अशा तुकड्यांत आतल्या तारा एकमेकींजवळ सरकून जळाल्याच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला, मागून उघडा दिसणारा तुकडा त्यापेक्षा बरा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही एक बघावं लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे, कॅबिनेट कूलरच्या समोर आणि आत रुंद पट्टी पंख्याची वाट अडवून बसलेली. याच कारणाने एके काळी गोल केबल्सची फॅशन आली. दिसायला सुटसुटीत, हवाही खेळते. पण पट्टीतला ग्राउंड आणि सिग्नलचा एकाआड एक क्रम हाच तर तिचा जीव. तारा सोडवून गुंडाळल्या की तो क्रम मोडतो. काही गोल केबल्स प्रत्येक सिग्नलला त्याच्या ग्राउंडसोबत पीळ देऊन बनवलेल्या असतात, त्या ठीक. बाकीच्या नुसत्या शोभेच्या, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मी चपटीच लावतो. कूलरच्या दमट हवेने आणि धुळीने पिनांवर काळपट थर चढतो, तोही डिस्क न दिसण्याचं एक कारण. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नुसतं दोन-चारदा काढून लावल्यानेही पिना घासल्या जाऊन काम होतं, पण तो तात्पुरता इलाज.

काही तक्रारी केबल बदलून कधीच सुटणार नाहीत. १६० जीबीची डिस्क जुन्या यंत्रावर १३७ जीबीच दाखवते, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या जागेचा पत्ता २८ बिटांचा होता, प्रत्येक जागा ५१२ बाइटची, त्याचा गुणाकार बरोबर १३७ जीबीवर संपतो. पुढे पत्ता ४८ बिटांचा झाला. विंडोज एक्सपीत ती सोय सर्व्हिस पॅक १पासून आली, बायोसही तेवढा नवा लागतो. अशी डिस्क जुन्या यंत्रावर लावून त्यात काही लिहू नका, वाचायचीही असली तरी यूएसबी कन्व्हर्टरवर वाचा.

आणि नवीन पट्टी घ्यायचीच झाली तर बर्डीवर दुकानदाराला ‘आयडीई केबल’ एवढंच म्हणू नका, समोर येईल ती बहुधा सीडी ड्राइव्हसोबत आलेली ४० तारांची असेल. ‘८० तारांची, निळ्या कनेक्टरची, १८ इंची’ असं म्हणा. सेकंड हँड मिळाली तरी हरकत नाही. पैसे देण्याआधी नख फिरवा आणि तिन्ही कनेक्टरच्या पाठीवरच्या पट्ट्या सुटलेल्या नाहीत ना, घडी पडलेल्या जागी आवरण तडकलेलं नाही ना, एवढं बघा. दोन फुटांची लांब केबल कुणी ‘मोठ्या कॅबिनेटसाठी’ म्हणून देत असेल तर ती परत करा.